८×४२ ची दुर्बीण वर्षभर वापरली, त्याचा हिशोब

आधीच सांगून टाकते, मी पक्षीतज्ज्ञ वगैरे नाही आणि मोठ्या कॅमेऱ्यावाली तर अजिबात नाही. गोंदिया तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सासर त्याच गावात, आणि मागच्या दिवाळीला सहा हजार नऊशे रुपयांची एक दुर्बीण घेतली. घरात आठ दिवस तोच विषय. एवढ्या पैशात मिक्सर आला असता, विहिरीवरची मोटर रिवाइंड झाली असती, काय नि काय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण ह्या मापाच्या दुर्बिणी बऱ्याच कंपन्या बनवतात, किमतीत हजार-पाचशेचा फरक, आणि मला जे सांगायचंय ते मापाबद्दल आहे आणि तिनं वर्षभरात काय दाखवलं त्याबद्दल.

ह्याच्या आधी एक स्वस्तातली घेतली होती ती गोष्ट पहिले. नऊशे रुपये, डब्यावर लिहिलेलं शंभर पट झूम, रात्री पण दिसते, वगैरे वगैरे. डोळ्याला लावली तर एका बगळ्याचे दोन बगळे दिसत, आणि दोन मिनिटांत डोकं असं ठणकायचं की बाम लावून झोपावं लागे. रात्रीचं तर जाऊच द्या, संध्याकाळी साडेपाचलाच सगळं काळं. पोरानं ती खोलून पाहिली, आत प्लास्टिकचे भिंग. तेव्हा शंभर पट लिहिलेलं दिसलं की पुढं व्हा, दुकानात थांबू पण नका.

आता ८×४२ म्हणजे काय ते. आठ म्हणजे आठ पट जवळ, दोनशे मीटरवरचा पक्षी पंचवीस मीटरवर असल्यासारखा दिसतो. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये, भिंग जेवढं मोठं तेवढा उजेड जास्त आत येतो. बेचाळीसला आठनं भागलं की सव्वापाचच्या आसपास येते, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा गोल तुमच्या डोळ्यात पडतो. पहाटे आपली बाहुली मोठी झालेली असते, तेव्हा हा गोल मोठा असलेला बरा, म्हणून खिशात मावणाऱ्या ८×२१ पहाटे मंद वाटतात. मग दहा पटीची का नाही घेतली? घेऊन पाहिली होती गोंदियाला दुकानात. हात थरथरला की चित्र पण तेवढंच जास्त थरथरते, आणि एका वेळी दिसणारी जागा सहसा कमी असते, म्हणजे पक्षी सापडेपर्यंत तो उडून पण जातो. आमच्या घरात ती वापरणार दोघं जण, त्यात एकाचं वय शहात्तर, म्हणून आठच बरी.

ते शहात्तरवाले म्हणजे माझे मामाजी, सासरे. पण त्यांच्याकडं यायच्या आधी मी हे खूळ का घेतलं ते सांगावं लागेल नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं. खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की तोंड वाकडं, चहात मीठ टाकल्यासारखी चव, काळी माती, कपाशी, तूर, नजर जाईल तिथंपर्यंत सपाट. लग्न होऊन इकडं झाडीपट्टीत आले तर जिकडं पाहा तिकडं पाणी, तलाव, बोड्या (छोटी तळी), धानाच्या बांध्या (खाचरं), वरून जंगल. लोक म्हणतील नशीबवान आहेस बाई. पण चौदा वर्षं मला ते आपलं वाटलंच नाही. बोली वेगळी, इकडं सगळ्याला ‘जी’ लावतात, मी ‘काहून’ म्हटलं की वर्गातली पोरं हसायची. भाकरीऐवजी दोन्ही वेळा भात. मी म्हणजे कायम पाहुणी, फक्त परतीचं तिकीट नसलेली.

तीन वर्षांआधी आई गेली. त्यानंतर मन कशातच लागेना. सगळ्यांनी सल्ले दिले, एकीनं सत्संगात नेलं, तिथं माईक एवढा मोठा की देव असेल तर उठून गेला असेल. शाळेतल्या सरांनी मोबाइलमध्ये ध्यानाचं अॅप टाकून दिलं, त्यात नदीचा आवाज येतो आणि मध्येच जाहिरात. मी नास्तिक नाही हो. उलट लहानपणी आई दरवर्षी मोझरीला न्यायची, गुरुकुंजाला, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला. एसटीच्या गर्दीत उभं राहून जायचं, आणि मग ते मौन. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गेले, त्या वेळेला दरवर्षी तिथं मौन पाळतात. एवढी अफाट माणसं आणि एकदम गप. आईचा हात घामानं ओला असायचा, दूर कुठं तरी एखादं लेकरू रडायचं आणि त्यामुळं ती शांतता अजून मोठी वाटायची. मला भजन कमी आठवते, ते मौन जास्त आठवते. आई गेल्यावर मी तेच शोधून राहिली होती बहुतेक, फक्त मला तेव्हा ते सांगता आलं नसतं.

तर दुर्बीण. ती आली पण सुखासुखी नाही, कुरिअरवाला आमच्या गावापर्यंत येतच नाही, तालुक्याच्या रस्त्यावर पानठेल्यावर ठेवून गेला, पानठेलेवाल्यानं डबा उघडून दोन दिवस सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवून घेतलं. मला मिळाली तेव्हा भिंगावर चुन्याचं बोट होतं. खरंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे गेले तलावावर, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभी राहून लावली डोळ्याला, आणि समोरच्या काठावरून बोंब. अहो, त्या वेळेला गावातली अर्धी माणसं टमरेल घेऊन तिकडंच बसलेली असतात! संडास घरोघरी बांधलेत, पण सवय जाते का. संध्याकाळपर्यंत घरी निरोप, मॅडमले सांगा जी, असं बरं दिसत नाही. मला तर जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. हे मी कुठल्याच रिव्ह्यूमध्ये वाचलं नव्हतं, म्हणून इथं लिहून ठेवते, खेड्यात दुर्बीण घेणाऱ्यांनी पहिले दिशा ठरवून घ्या.

तेव्हा मामाजी म्हणाले, मी येतो सोबत. तोपर्यंत आमच्यात बोलणं म्हणजे चहा ठेवू का, गोळ्या घेतल्या का, एवढंच. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं. दुसऱ्या पहाटे ते धोतर सावरत पुढं आणि मी मागं, तलावाच्या पलीकडच्या टोकाला, जिथं बेशरमची झुडपं आहेत तिकडं. ते सोबत असले की कोणी काही बोलत नाही. नंतर तर लोक स्वतःहून सांगायला लागले, मॅडम आज तिकडं काळं बदक उतरलंय.

इथं एक कामाची गोष्ट. दोन माणसांत एक दुर्बीण वापरायची असेल तर उजव्या डोळ्याजवळ एक गोल कडं असते, ते दोन्ही डोळ्यांतला नंबराचा फरक भरून काढते. उजवा डोळा मिटायचा, डाव्यानं मधलं चाक फिरवून चित्र स्वच्छ करायचं, मग डावा मिटून उजव्यानं फक्त ते कडं फिरवायचं. एकदा बसलं की परत हात लावायचा नाही. पण आमच्याकडं ती एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, दर वेळी तीच कसरत. शेवटी मी नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले, लाल माझा, गुलाबी मामाजींचा. आता ते पहिले ‘गुलाबी कर वो’ म्हणतात आणि मग घेतात. चष्मावाल्यांनी डोळ्याजवळचे रबरी कप खाली फिरवून घ्यायचे, बिनचष्म्यावाल्यांनी वर. हे मला दोन महिन्यांनी कळलं, तोपर्यंत मी चष्म्यातून पाहत होते आणि बोगद्यातून पाहिल्यासारखं दिसते म्हणून कंपनीला शिव्या देत होते.

हिवाळा म्हणजे चैन आहे. अडई शेकड्यानं, शिट्ट्या मारत. कमळपक्षी, जो कमळाच्या पानावरून असा चालतो की पान बुडत नाही, लांब लांब बोटं. जांभळी पाणकोंबडी. कवड्या खंड्या हवेत एका जागी थांबून सूर मारतो ते तर आठ पटीत पाहिलं की श्वास थांबतो. आणि पट्टकादंब. हिमालय ओलांडून येणारा हंस, आमच्या गावच्या तलावावर, डोक्याच्या मागं दोन काळे पट्टे, अगदी स्पष्ट. चौदा वर्षं मी ह्याच पाळीवरून शाळेत गेले आणि माझ्या हिशोबानं तिथं फक्त ‘बदकं’ होती. मामाजींना पुस्तकातली नावं माहीत नाहीत, पण कोणता आधी येतो, कोणता नांगरामागं फिरतो, कोणता ओरडला की ढग येतात, हे सगळं पाठ. त्यांच्या साठ वर्षांच्या ओळखी माझ्या पुस्तकातल्या नावांना जुळवत बसलो आम्ही दोघं. टिटवी ओरडली की घरात सासूबाई ‘हाड हाड’ करतात, अपशकून. मामाजी म्हणाले, तिचं अंडं उघड्यावर असते, ती आपल्यालेच हाकलून राहिली, अपशकून तर तिच्यासाठी आपण आहोत जी.

तलावाचं पण कळलं तेव्हाच. आम्ही ज्याला मामा तलाव म्हणतो तो मला कोणाच्या तरी मामाचा वाटायचा, ते ‘माजी मालगुजारी’चं मामा आहे. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारचे झाले. त्याच्या आधी शेकडो वर्षं कोहळी लोकांनी हे तलाव बांधले, मशीन नाही, इंजिनिअर नाही, उतार पाहून पाळ घालायची, खालच्या धानाला पाणी. जानेवारीत आम्ही नवेगाव बांधला गेलो होतो, पोरं, मामाजी, दुर्बीण, डब्यात पोळ्या. तिथला तलाव कोलू पाटील कोहळीनं बांधला म्हणतात, भोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात आणि कोलूला लोक कोलासूर देव म्हणून मानतात. म्हणजे तलाव बांधणारा माणूसच देव झाला. मला हे फार आवडलं. मंदिर बांधलं म्हणून नाही, पाणी अडवलं म्हणून. मामाजींनी पाण्याला हात लावून कपाळाला लावला, मी पण लावला, आणि पहिल्यांदा मला तो दुसऱ्याचा नमस्कार वाटला नाही. त्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर, म्हणजे मासेमार समाजाच्या, बायकांनी तलावातली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती परत लावल्या, मासे वाढले, पक्षी वाढले. आमच्या तलावात अजून बेशरमच आहे. असो, ती एक वेगळी रडकथा.

आता सारस. महाराष्ट्रात सारस म्हटलं की गोंदियाच, भंडाऱ्यात-चंद्रपुरात एखाद-दुसरा, आणि पलीकडं मध्य प्रदेशात बालाघाटला. अलीकडच्या मोजणीत आमच्या जिल्ह्यातला आकडा तिशीच्या आसपासच घुटमळतो. माणसाएवढा उंच, राखाडी, मान-डोकं लाल. मी वर्गात पोरांना ह्याचं चित्र दाखवत होते आणि खरा कधी पाहिला नव्हता, लाज वाटावी अशी गोष्ट.

जुलैत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला. मी रविवारी बांधीवर डबा घेऊन गेले होते. बारीक पाऊस, बायका डोक्यावर पन्नी घेऊन वाकलेल्या, चिखल, गाणं चाललेलं, मध्येच कोणाच्या तरी सुनेची थट्टा. आणि पलीकडच्या बांधीतून आवाज आला. मी कसा सांगू, तुतारीसारखा पण आतून येणारा, नराचा एक लांब सूर आणि त्यावर मादीचे दोन तुटक, परत एक, परत दोन. गाणं थांबलं. कोणी थांबा म्हटलं नाही. वाकलेल्या सगळ्या बायका सरळ झाल्या, हातात पऱ्ह्याच्या (धानाच्या रोपांच्या) जुड्या तशाच, चिखलपाणी ठिबकत, आणि सगळ्या तिकडं तोंड करून उभ्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मामाजी उभे, त्यांनी डोक्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला. कुठं तरी दूर एक लेकरू रडून राहिलं होतं.

मी दुर्बीण लावलीच नाही. गळ्यात होती, पण हात वर गेला नाही. माझ्या हाताला घाम आला होता एवढं आठवते. किती वेळ? मिनिटभर असेल. मग एक म्हातारी म्हणाली, ‘चला वो, पऱ्हे सुकतील,’ आणि सगळ्या परत वाकल्या. मी साडी खोचली आणि उतरले चिखलात. चौदा वर्षांत रोवायला कधी उतरले नव्हते, नोकरीवाली सून म्हणून कोणी म्हटलं पण नव्हतं. माझी ओळ वाकडी आली, त्यावर दोन दिवस हसले लोक.

पोळ्याच्या आधी जोडीनं चुलत दिराच्या बांधीत घरटं घातलं. सारस घरटं कसं करतो, तर आजूबाजूचं गवत आणि धान पण उपटून मध्ये ढीग घालतो, म्हणजे तेवढी जागा गेली. दीर कुरकुरला. मामाजी म्हणाले, दोन पायल्या धान माझ्या हिश्श्यातून घे, पण त्या बाजूनं फवारणी नको. मग दुर्बीण खऱ्या कामाला आली. जवळ गेलं की जोडी उठते, अंडी उघडी पडतात, कावळे टपूनच असतात, म्हणून आम्ही धुऱ्यावरून, दोनशे मीटर लांबून पाहायचो. अंडी दोन. नर-मादी आळीपाळीनं बसतात, महिनाभर तरी. सकाळी शाळेच्या आधी मी, संध्याकाळी मामाजी, रात्री जेवताना रिपोर्ट. पिल्लू निघालं नवरात्राच्या आधी, एकच, तांबूस, धानाच्या दांड्यांमध्ये दिसते न दिसते. दुसरं अंडं कुठं गेलं कळलं नाही. माझ्या भीतीचं कारण वेगळं आहे, बांधीच्या वरून विजेच्या तारा जातात आणि सारस तारांना लागून मरतात हे इकडच्या सगळ्यांना माहीत आहे.

आता दुर्बिणीच्या तक्रारी, नाहीतर म्हणाल सगळं गोडच लिहिलं. गळ्यातला पट्टा एकदम भिकार, बारीक आणि टोचणारा, तासाभरात मान धरते. वजन साडेसहाशे ग्रॅमच्या वर आहे, मामाजींना जड होते, मी जुन्या स्कूलबॅगचा रुंद पट्टा मोच्याकडून शिवून घेतला, चाळीस रुपये. पुढच्या भिंगाची झाकणं पहिल्याच महिन्यात तलावात गेली, ती बांधलेली यायला पाहिजेत. वॉटरप्रूफ म्हणतात ते खरं निघालं, पावसात भिजली तरी आत धुकं धरलं नाही, आत नायट्रोजन भरलेला असतो म्हणे. पण दमट दिवसांत भिंगावर बुरशी धरू शकते, म्हणून पावसाळाभर मी ती पोळ्यांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात, जोड्यांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. पुसायला पदर वापरू नका, ओरखडे येतात, पहिले फुंकर, मग मऊ कापड. आणि पोरांच्या हातात दिली की पहिलं वाक्य, सूर्याकडं लावायची नाही, कायमचा डोळा जाईल.

ऑक्टोबरात एक जण आला गाडी घेऊन, हातभर लांब लेन्स, अंगात लष्करी कपडे. पाळीवर मला विचारलं, मॅडम, इथं सारसाचं घरटं आहे म्हणतात, पिल्लू पण आहे, जागा दाखवता का, तुम्ही इथल्याच ना? मी म्हटलं, ‘हव जी, इथलीच. सारस ना? मागच्या साली होता जी, औंदा काही दिसला नाही. तुम्ही तिकडं नदीकडं पाहा.’ तो गेला नदीकडं. मामाजी बाजूलाच बसले होते, तोंडाला दुपट्टा लावून. गाडीचा आवाज गेल्यावर म्हणाले, ‘बोली बरी जमली वो तुले. खोटं पण.’ आणि हात पुढं केला, ‘गुलाबी कर.’

पाचातले चार स्टार देते. एक पट्ट्याचा कापला.